पतंगांच्या दिवसांत जमिनीखाली

डिसेंबर सरत आला की आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्याला दोरी रंगवणारे येतात. फूटपाथच्या कडेनं लाकडी खांब रोवतात, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पांढरा दोरा पुन्हा पुन्हा ताणून घेतात आणि मग गुलाबी लगद्याचा गोळा मुठीत धरून त्या दोऱ्यांच्या कडेकडेनं चालत राहतात. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. लगद्यात भाताची पेज, रंग आणि काचेची पूड. भाजी घेऊन परतताना मी तिथे थांबतेच. शिजलेल्या भाताचा तो आंबूस, उबदार वास नाकात गेला की माझं लक्ष वर जायच्याऐवजी पायांखाली जातं.

उत्तरायण, गुजरातची संक्रांत, म्हणजे मान वर करून जगायचे दिवस. सगळं बडोदं तेव्हा आकाशाकडे बघत असतं. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलताना वर बघतो, रिक्षावाला सिग्नलला वर बघतो, इस्त्रीवाला तर कपडा जळेपर्यंत वर बघतो. पण एका वर्षी मी हे दिवस जमिनीच्या आत काय आहे ते शोधण्यात घालवले. त्यालाही आता खूप वर्षं झाली. तरी दोरी रंगवणारे आले की तेच दिवस आठवतात, आणि आठवताना आधी आठवतो तो थंडगार मातीचा स्पर्श.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. देशाचे दरवाजे नुकते उघडले होते. गच्च्यांवर पहिल्यावहिल्या डिश दिसायला लागल्या होत्या आणि पतंग आता अँटेनाऐवजी त्यांच्यात अडकत होते. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते. परदेशी यंत्रं मोठमोठ्या लाकडी पेट्यांमधून येत होती, आणि तशाच एका पेटीतून जमीन पोखरणारं एक यंत्र बडोद्यात आलं होतं. जुन्या शहराखालून गटाराची मोठी वाहिनी न्यायची होती. लहरीपुऱ्याच्या गल्ल्या वरून खणायच्या म्हटलं तर सगळा बाजार महिनोन्‌महिने बंद ठेवावा लागला असता. म्हणून एका मोकळ्या जागी खोल खड्डा घेऊन, तिथून हे यंत्र आडवं आत सोडायचं ठरलं. यंत्र पुढे माती कापत जाणार, मागून सिमेंटचे पाइप ढकलत न्यायचे. माणूस कमरेत वाकून चालू शकेल एवढा बोगदा.

मी नुकतीच भूभौतिकीत एम. एस्सी. झाले होते. हे असलं काही शिकून मुलगी काय करणार, हा प्रश्न आमच्या दांडिया बाजारातल्या बिऱ्हाडात कोणी उघड विचारत नसे, पण तो जेवायच्या ताटांभोवती असायचा. बाबा कोयलीच्या रिफायनरीत ऑपरेटर होते. साताऱ्याकडचं गाव सोडून तरुणपणी आले, आणि तेव्हापासून पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी ह्या तीन तुकड्यांत त्यांचं आयुष्य चाललं होतं. मी बँकेत लागावं असं त्यांना वाटत होतं. मी बोगद्याच्या कामावर जायला लागले, तेव्हा ते रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "आमच्या कारखान्यात धोक्याच्या जागी लाल पाटी असते. जमिनीत कोण पाटी लावून ठेवतो गं?"

"ती लावायचंच माझं काम आहे, बाबा."

त्यानंतर कामाबद्दल त्यांनी विचारलंच नाही. संध्याकाळी चपलांना लागलेली माती बघत, आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत.

ज्यांच्याकडे मी काम करत होते ते वैद्य सर. आयुष्यभर त्यांनी गुजरातच्या शेताशेतांतून जमिनीखालचं तेल शोधलं होतं. निवृत्त झाल्यावर निझामपुऱ्यातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये टेबल टाकून त्यांनी छोटंसं सल्ल्याचं काम सुरू केलं. दोन माणसं हाताशी: मी, आणि शेतांतून त्यांच्याबरोबर हिंडलेले जुने तंत्रज्ञ इस्माईलभाई. सरांचे गुडघे कामातून गेले होते, पण बोलायला लागले की हात मात्र पोरासारखे चालायचे.

"जमिनीवर हातोडा मारला की लहर निघते," त्यांनी मला पहिल्याच दिवशी टेबलावर टिचकी मारून सांगितलं होतं, जणू मी एम. एस्सी. नव्हे, चौथीत होते. "एकसारख्या मातीतून ती जात जात विरून जाते. वाटेत माती बदलली, खडक आला, पोकळी आली, पाणी आलं, की तिचा थोडा भाग मागे फिरतो. तो किती वेळानं परत आला ते मोजायचं. मातीतून लहर किती वेगानं जाते ते माहीत असलं की अडथळा किती लांब आहे ते कळतं. तेल शोधताना आपण खाली ऐकत होतो. बोगद्यात पुढे ऐकायचं. एवढाच फरक."

तो एवढाच नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. बडोद्याखाली नदीनं आणून टाकलेली माती. त्यात जुन्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी खणलेलं आणि विसरलेलं कितीतरी. यंत्र चिकणमातीसाठी बांधलेलं. त्याच्या तोंडासमोर अचानक पाण्यानं भरलेली पोकळी आली, तर पाणी आणि चिखल एका झटक्यात आत शिरणार. आत माणसं असणार. आणि वरची जमीन खचणार. वर घरं होती.

खड्ड्याशी पहिल्या दिवशी गेले तेव्हा मुकादमानं माझ्याकडे न बघता सरांना सांगितलं, "मैडम ऊपर ही ठीक हैं, साहब." बोगद्यात बाई उतरली की जमीन कोपते, अशी त्या लोकांची समजूत. काम सुरू करताना त्यांनी नारळ फोडला होता, आता उगाच विघ्न नको. सरांनी वाद घातला नाही. माझी जागा खड्ड्याच्या तोंडाशी, ताडपत्रीखाली, लहरी नोंदवणाऱ्या यंत्रासमोर ठरली. खाली इस्माईलभाई हातोडा मारायचे आणि मुकादमाचे मजूर जिओफोन बसवायचे. जिओफोन म्हणजे मुठीत मावणारं, जमिनीची थरथर टिपणारं उपकरण. ते कसेतरी खोचलेले असत. त्यात खड्ड्यातले पंप चालू, वरून हातगाड्या, टेम्पो, बस. कागदावर उमटायचा तो नुसता गोंधळ.

सर तो कागद डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "ही थरथर बाजाराची आहे, नीलिमा. जमीन अजून बोललीच नाही."

ठेकेदाराचे इंजिनियर शहासाहेब घड्याळ बघत. त्यांचंही खोटं नव्हतं. असं यंत्र फार वेळ उभं राहिलं तर भोवतीची माती पाइपांना धरून बसते, आणि मग ते पुढेही जात नाही, मागेही येत नाही.

माझ्या ताडपत्रीसमोरच्या गल्लीत, हाकेच्या अंतरावर, रसिकभाईंचं पतंगांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. वर्षभर ते वह्या, गोंद, घोटीव कागद असलं विकायचे. डिसेंबरात मात्र दुकानाला पंख फुटायचे. छतापर्यंत पतंगांचे गठ्ठे, कागदाचा करकरीत वास, आणि आतल्या बाजूला पाय पसरून बसलेल्या हंसाबेन, रसिकभाईंच्या पत्नी. त्यांचे हात पतंगाला कण्णी बांधत असायचे आणि तोंड माझ्याशी बोलत असायचं. पहिल्या दिवशी मी विटेवर बसलेली बघून रसिकभाईंनी स्टूल आणून दिलं.

"ताई, ह्या पेटीमधे टीव्ही दिसते काय?" त्यांनी त्यांच्या बडोदेकरी मराठीत विचारलं.

"नाही हो, रसिकभाई. जमिनीच्या आत पुढे काय आहे ते बघतोय."

"काय असणार? माती!" ते हसले. मग आत वळून हंसाबेनना म्हणाले, "बेन कहे छे, नीचे जोवे छे." ताई खाली बघतायत म्हणे.

हंसाबेन हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आमच्या घराखालून पण जाणार ते मशीन?"

मी हो म्हटलं, गल्लीखालून, घराला अगदी घासून. त्यांनी हातातली कण्णी पुरी केली, आणि मग थोडी लेकीबद्दल बोलल्या. जागृतीचं लग्न ठरलं होतं. कमुहूर्त, लग्नाला वर्ज्य असलेले दिवस, संपले की, म्हणजे उत्तरायणानंतर पंधरवड्याच्या आतच. मांडव ह्याच गल्लीत, दुकानासमोर पडणार होता.

उत्तरायण जवळ आलं तशी सरांच्या डोक्यात कल्पना आली. त्या दिवशी मजूर सुट्टीवर. यंत्र तसंही उभं राहणार. बाजार बंद, टेम्पो बंद, हातगाड्या बंद. सगळं शहर गच्चीवर. "वर्षात असा एकच दिवस," सर म्हणाले. "जमीन ऐकायची असेल तर तेव्हाच."

संक्रांतीच्या सकाळी आईनं हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि माझ्या कपड्यांकडे बघत राहिली. जुनी पँट, बाबांचा फाटका शर्ट. "आजच्या दिवशी लोक गच्चीवर जातात," ती म्हणाली. बाबा पहिल्या पाळीला कधीच निघून गेले होते. मी लुना काढली. रस्ते रिकामे, आणि डोक्यावर मात्र जत्रा. प्रत्येक गच्चीवर टेप लावलेले, थाळ्या बडवणं, मधूनच कुठूनतरी "काइपो छे!" आणि कापलेला पतंग गिरक्या घेत खाली.

खड्ड्याशी सर खुर्ची टाकून बसले होते. मुकादम गावी गेलेला. सरांनी खड्ड्याच्या शिडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जातेस?"

"जाते."

मी उतरले. वरचा गलका एकेका पायरीबरोबर पातळ होत गेला. बोगद्यात शिरल्यावर तर तो संपलाच. राहिलं फक्त पाण्याचं ठिबकणं आणि पुढे चाललेल्या इस्माईलभाईंच्या बुटांचा आवाज. वाकून चालताना पाठीला ओलसर पाइप घासत होता. अगदी टोकाला यंत्राच्या पोलादी तोंडात एक झडप होती. ती उघडली की समोर कोरी माती. आजवर कुणीच न पाहिलेली. नव्या माठासारखा वास. मी तिच्यावर तळहात ठेवला. इतकी थंड आणि इतकी शांत होती ती, की मला एकदम भीती वाटली. मुकादमाची समजूत तेव्हा मला मुळीच वेडगळ वाटली नाही.

पाइपांना दोन्ही अंगांनी छोटी भोकं असतात, सिमेंट भरण्यासाठी ठेवलेली. त्यांतून मी एकेक जिओफोन पलीकडच्या मातीत घट्ट बसवला. मजुरांनी खोचले होते तसे नाही, मातीची पकड हाताला लागेपर्यंत. मग आम्ही थांबलो. सरांना आणखी शांतता हवी होती, आणि ती केव्हा येणार हे बडोद्यात राहिलेल्या कुणालाही सांगता आलं असतं. दुपारी वारा पडतो, पतंग उतरतात आणि सगळं शहर उंधियू-जिलेबी खायला बसतं.

ती वेळ आली. पंप बंद केले. "मारा," सरांचा आवाज खाली ओढलेल्या तारेच्या फोनवर आला. इस्माईलभाईंनी मातीत दाबलेल्या लोखंडी पत्र्यावर हातोडा मारला. "पुन्हा." परत. "आता आडवा." परत. शहर वर जेवत होतं आणि आम्ही त्याच्या पोटात ठोके देत होतो. अंगावर घाम आणि चिखल. तरी खरं सांगायचं तर इतकी सुखी मी क्वचितच होते.

वर आले तेव्हा डोळे दिपले. कागदाची लांब पट्टी सरांच्या मांडीवर होती. प्रत्येक रेषेवर आधी ठोक्याची पहिली उसळी, आणि तिच्यानंतर थोडं थांबून, सगळ्या रेषांवर, एक दुसरी सुरकुती. सरांनी पट्टी माझ्याकडे दिली.

"पुढे काहीतरी आहे," मी म्हटलं. "आणि तिथे पाणी असावं. आडव्या ठोक्याच्या लहरीला पाण्यातून जाता येत नाही. ती जवळजवळ सगळीच परत आलीय."

"कुठे?"

मी हिशोब केला. मग मान वर करून बघितलं. गच्चीच्या कठड्याला टेकून हंसाबेन आमच्याकडे बघत होत्या. सुरकुती त्यांच्या दुकानापाशी होती.

सुट्टी संपल्यावर शहासाहेबांसमोर तो कागद ठेवला तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः खाली गेला होतात?"

"नाही. हिनं जिओफोन लावले, हिनं वाचलं. तिला विचारा."

शहासाहेब माझ्याकडे वळले. "यंत्र थांबवू? मातीनं धरलं तर?"

"थांबवा," मी म्हटलं.

यंत्र थांबलं. गल्लीच्या मधोमध, बोगद्याच्या रेषेवर, वरून भोक घ्यायचं ठरलं. खबरदारी म्हणून दुकानाच्या बाजूची घरं रिकामी करायला सांगितली. मांडवाचे बांबू येऊन पडले होते, ते परत गेले. लग्न आता डभोईला, हंसाबेनच्या भावाकडे होणार होतं. रसिकभाई ट्रंका टेम्पोत चढवत असतानाच गल्लीत भोक पाडणं चालू होतं. भोक पाडणाऱ्या नळीतून निघाली ती कोरडी, घट्ट, पिवळी माती. पार खालपर्यंत. शहासाहेबांनी तिचा एक तुकडा उचलून नुसता तळहातावर धरला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

रसिकभाई टेम्पोपाशी थांबले. "ताई, तुमची लहर खोटी निघाली," ते म्हणाले. "लेकीचा मांडव मला माझ्या दारात घालायचा होता." जागृती टेम्पोत सामानावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. बाबांनी ताटाकडे बघितलं, मग आईकडे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मी सगळ्या नोंदी पुन्हा पसरल्या. गोंधळ कमी दिसावा म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूंचे ठोके एकत्र मिळवले होते. तशीच पद्धत असते. आता मी ते सोडवून वेगवेगळे मांडले. आणि दिसलं. डाव्या बाजूच्या जिओफोनना ती परतलेली लहर अंमळ आधी पोचली होती. दर ठोक्याला. अडथळा समोर नव्हताच, डावीकडे तिरपा होता. गल्लीच्या मधोमध भोक पाडून तो सापडणं शक्यच नव्हतं. तो दुकानाच्या फरशीखाली होता, आणि यंत्र त्याला घासून गेलं असतं.

"सर, ह्या वेळीही कोरडं निघालं तर?"

"तर तिसऱ्यांदा कुणी ऐकणार नाही. म्हणून पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. मग आम्ही डभोईची बस पकडली. भोक आता दुकानाच्या फरशीतून पाडायचं होतं, आणि फरशी रसिकभाईंची होती. लग्नघरात तोरणं लागली होती. रसिकभाईंनी आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर एकच विचारलं, "खात्री आहे?"

"खात्री नाही, रसिकभाई. पण सगळे ठोके तिथेच बोट दाखवतायत."

दारातून हंसाबेन म्हणाल्या, "खोदी नाखो." खणून टाका. "लग्न तर इथे होतंच आहे. आता मला कळू दे, मी कशावर झोपते ते."

रसिकभाईंनी किल्ली काढून दिली.

फरशी फोडली, नळी आत जाऊ लागली. पुन्हा पिवळी माती. पुन्हा. मी भिंतीला टेकून उभी होते. आणि मग नळी चालवणाऱ्या माणसाचे हात एकदम खाली गेले, तोल जाऊन तो गुडघ्यांवर आला. नळी आपोआप आत सुटली होती. पाठोपाठ कुजक्या पाल्याचा वास आला आणि भोकातून काळं पाणी हळूहळू वर चढलं. मी सरांकडे बघितलं, तर ते चष्मा पुसत होते.

खाली विहीर होती. आणखी फरशी काढल्यावर तिचं विटांचं तोंड दिसलं. कुणीतरी कधीतरी वरून तुळया टाकून, माती लोटून ती झाकली होती, आणि मग सगळे विसरले होते. तुळया कुजल्या होत्या. डभोईहून लग्न उरकून रसिकभाई परत आले तेव्हा ते तिच्या काठाशी उभे राहिले आणि मग हळूच खाली बसले. दुकानाची ट्यूबलाइट पाण्यात दिसत होती. "जागृती इथे रांगली," ते म्हणाले.

विहीर बुजवावी लागणार होती. वाळू आणि सिमेंटचं पातळ मिश्रण आत सोडून. त्याआधी हंसाबेननी तिच्या विटांना कुंकू लावलं, एक फूल सोडलं आणि हात जोडले. मला वाटलं होतं, आज मला फार बरं वाटेल. तसं झालं नाही. कितीतरी बायकांनी तिथे घागरी बुडवल्या असतील. आम्ही तिला शोधलं ते बुजवण्यासाठी. सरांना सांगितलं तर म्हणाले, "वाईट वाटायलाच हवं. ज्याला वाटत नाही त्यानं जमिनीत हात घालू नये."

आता सर नाहीत. इस्माईलभाई मुलाकडे भरूचला गेले. रसिकभाईंच्या दुकानात त्यांचा पुतण्या मोबाइलची कव्हरं विकतो आणि जानेवारीत थोडे पतंगही ठेवतो. पुढे मी डोंगरांतल्या मोठमोठ्या बोगद्यांत काम केलं. तिथे यंत्रांनाच कान बसवलेले असतात आणि पडद्यावर पुढचा खडक रंगांत दिसतो. चांगलंच आहे ते. पण जिओफोन मातीत दाबताना हाताला जे कळायचं, ते पडद्यावर मला कधी सापडलं नाही. बाबांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आठवतात तेव्हा मला रिफायनरीच्या गणवेशातले आठवत नाहीत, घरातल्या खुर्चीतलेही नाहीत. आठवतात ते रसिकभाईंच्या दुकानातले.

विहीर भरून पक्की झाली. मातीनं यंत्र धरून ठेवलं नव्हतं. आम्ही पुन्हा ठोके मारून बघितले, दुसरी सुरकुती गेली होती. घरी राहायला हरकत नाही, असं महापालिकेच्या कचेरीनं कळवलं. तरी यंत्र ज्या दुपारी दुकानाच्या कडेनं खालून जायचं होतं त्या दुपारी सगळी गल्ली बाहेर येऊन तोंडाशी उभी राहिली. लोकांचा कचेरीवर विश्वास नव्हता, आणि का असावा? रसिकभाई तेवढे आपल्या दुकानाच्या उंबऱ्यात उभे होते.

"ताई, कचेरी काय म्हणते ते मी वाचलं," ते म्हणाले. "तुमी सांगा. आत बसू की बाहेर?"

"बसा," मी म्हटलं. आणि माझं मलाच ऐकू आलं तेव्हा कळलं, की एवढं म्हणून मला बाहेर उभं राहता येणार नव्हतं. "मीपण बसते."

चपला काढून मी आत गेले. नवी फरशी अजून ओलसर होती. उरलेल्या पतंगांचा एक गठ्ठा कोपऱ्यात होता, त्याला टेकून बसले. रसिकभाई समोर मांडी घालून बसले. हंसाबेननी किटली आणि कप आणले आणि चहा ओतून उंबऱ्याबाहेरून पुढे केला. मग काय वाटलं कोण जाणे, त्याही आत आल्या आणि बसल्या. आम्ही जागृतीच्या सासरबद्दल बोललो. थोड्या वेळानं चहावर बारीक वर्तुळं उठायला लागली. पतंगांचे कागद आपोआप कुजबुजल्यासारखे वाजू लागले. यंत्र आलं होतं. रसिकभाईंचा आवाज मध्येच थांबला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जमलेली माणसं बाजूला झाली आणि बाबा येताना दिसले. पहिली पाळी संपवून कोयलीहून थेट आले होते. आईनं सांगितलं असणार. खांद्याला डब्याची पिशवी, डोळ्यांखाली पहाटेपासूनचं जागरण. त्यांनी बाहेरची गर्दी बघितली, मग आत बसलेली मी.

"बाबा, तुम्ही तिकडेच थांबा," मी म्हटलं.

"का? धोका आहे?"

"नाही."

"मग बसतो की."

त्यांनी चपला काढल्या, रसिकभाईंना "केम छो" म्हणाले आणि माझ्या शेजारी भिंतीला पाठ टेकून बसले. हंसाबेननी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी दोन घोटांत संपवला. काय चाललंय, कुठवर आलंय, काही विचारलं नाही. फरशी थरथरत होती. मला ती बैठकीतून, मणक्यातून, दातांपर्यंत जाणवत होती. माझ्या डोळ्यांसमोर तो कागद होता, ती सुरकुती होती, ती गेल्याचं मी दहादा तपासलं होतं, आणि तरी मी मनातल्या मनात अकराव्यांदा तपासत होते.

आणि मग माझ्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं. मी वळून बघितलं. बाबांची मान कलली होती. डब्याची पिशवी मांडीवरून घसरून फरशीवर आली होती, आणि तिच्यातला डबा यंत्राच्या थरथरीनं बारीक खडखडत होता. ती उचलायला मी हात पुढे केला तशी रसिकभाईंनी हलक्या आवाजात मला थांबवलं.

"सूवा दो, ताई."

त्यांनी स्वतःच वाकून डबा आवाज न करता उचलला आणि मांडीवर धरून बसले. खालून यंत्र पुढे सरकत होतं. बाबा गाढ झोपले होते.